संशय कोणाला येतोय?

मध्यंतरी एका इंग्रजी कथेचा अनुवाद करत होतो. दोन दिवस एका साध्या वाक्यापाशी अडलो. एक माणूस सोसायटीच्या फाटकाजवळ 'सस्पिशसली' उभा आहे, एवढंच ते वाक्य. शब्द कठीण नाही. कठीण आहे ते हे, की इंग्रजीत या शब्दाची दोन टोकं आहेत आणि मराठीत एका वेळी एकच धरता येतं.

'ही लुक्ड ॲट मी सस्पिशसली' म्हणजे त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. संशय त्याच्या मनात आहे. पण 'ही वॉज ॲक्टिंग सस्पिशसली'चं 'तो संशयाने वागत होता' होत नाही. इथे संशय त्याला आलेलाच नाही, बघणाऱ्याला आलाय. म्हणून मराठी लगेच दुसरा शब्द काढते: संशयास्पद. संशय घेणारा आणि ज्याच्यावर तो घेतला जातो तो, या दोघांना इंग्रजी एकच क्रियाविशेषण घालते आणि बाकीचं संदर्भावर सोडून देते.

तिसरा वापर मला सगळ्यात आवडतो. 'सस्पिशसली चीप', 'सस्पिशसली क्वाएट'. गूगलछाप अनुवादात याचं 'संशयास्पदरीत्या स्वस्त' होतं, जे कुठल्याही मराठी माणसाने भाजीवाल्यासमोर उच्चारलेलं नसेल. पोरं आतल्या खोलीत गप्प बसली की आई काय म्हणते? "जरा जास्तच शांत आहेत कार्टी, बघ गं." सगळा संशय त्या 'च'मध्ये. नाहीतर आपल्याकडे कुठेतरी पाणी मुरतं किंवा मनात शंकेची पाल चुकचुकते. ही पाल नेहमी कोणाच्या तरी मनात असते, हे महत्त्वाचं. तिला घर लागतं.

'सस्पिशसली'ला घर लागत नाही. 'तो सस्पिशसली उभा होता' या वाक्यात बघणारा कुठे आहे? गायब. त्याचा संशय मात्र शिल्लक आहे, आणि तो उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर कपड्यासारखा चढवलाय. निवेदक 'मी' असेल तर निदान कळतं की हा याचा ग्रह आहे. तृतीयपुरुषी निवेदनात तो ग्रह थेट वस्तुस्थिती म्हणून येतो. स्टीफन किंगसारखे लेखक क्रियाविशेषणांवर खार खाऊन असतात, ते भित्र्या लेखनाच्या कारणाने. माझी तक्रार वेगळी आहे. हे विशेषण भित्रं नाही, फार कामसू आहे. गुपचूप निकाल देऊन मोकळं होतं.

आणि ते आता मराठीतही रुळलंय. 'गस्तीवरील पोलिसांना एक इसम संशयास्पदरीत्या फिरताना आढळला.' या वळणाचं वाक्य आपण सगळ्यांनी वाचलंय. (माणूस बातमीत शिरला की त्याचा 'इसम' का होतो, हाही एक लेखाचा विषय आहे.) त्याने केलं काय? तो फिरत होता. क्रियापद तेवढंच. बाकीचं बघणाऱ्याचं. रात्री दोनला शिफ्ट संपवून लॅपटॉपची बॅग पाठीवर टाकून मीही फिरलोय. माझ्या फिरण्याला कोणी क्रियाविशेषण लावलं नाही.

काहींना ते जन्मापासून लावलं जातं. १८७१च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. गंमत अशी की त्या क्रूर कायद्याच्या भाषेतसुद्धा संशयाला कर्ता होता: स्थानिक सरकारला तसं मानायला कारण असेल तर, असं त्यात स्पष्ट होतं. कायदा १९५२ साली रद्द झाला. कर्ता गेला, संशय राहिला. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ साली आलं ते या उरलेल्या संशयाच्या आतून. त्या पुस्तकात आपण बघणाऱ्याच्या बाजूला नसतो. ज्याच्या घरी पोलीस येतात त्या पोराच्या उंचीवरून बघत असतो, आणि मग 'संशयास्पद' वाटतात ते येणारे.

त्याच्या इंग्रजी अनुवादाचं नाव 'द ब्रँडेड' आहे. 'उचल्या' म्हणजे उचलणारा; करणारा तोच. 'ब्रँडेड' म्हणजे ज्याच्यावर डाग दिलाय असा, म्हणजे डागणारा कोणीतरी दुसरा आहे. मूळ शीर्षकातली जमातीच्या नावाची बोचरी धार इंग्रजीत हरवली हे खरंच. पण शिक्का मारणारा हात तिथे दिसायला लागला, आणि तो सौदा मला वाईट वाटत नाही. 'सस्पिशसली' लपवते ते इंग्रजीनेच इथे उघडं केलंय.

माझ्या कथेतलं वाक्य शेवटी मी असं केलं: 'वॉचमनला त्याचं फाटकाजवळ उभं राहणं खटकलं.' संपादिकेने समासात लिहिलं, "मूळ लेखकाने वॉचमनचं नाव घेतलेलं नाही. संशय कोणाचा ते त्याने मुद्दाम उघडं ठेवलं असेल तर?" तिचं म्हणणं चूक नाही. शेवटच्या पानावर कळतं की फाटकाजवळचा माणूस वॉचमनचाच भाऊ आहे, डबा घेऊन आलेला. म्हणजे मूळ वाक्यात वाचकही संशय घेणाऱ्यांत सामील होता, आणि मी त्याला अलगद बाहेर काढलं होतं.

वाक्य पुन्हा बदललं. आता ते 'तो फाटकाजवळ जरा जास्तच वेळ उभा होता' असं आहे.