‘माझा प्रवास’ आणि गंगेची कावड

विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाकडे आपला वाचक बहुधा १८५७ च्या बंडाची हकीकत म्हणून वळतो. झांशीचा वेढा, शहरांतील लूट व कत्तल यांचीं वर्णनें विलक्षण जिवंत आहेत, यांत शंका नाहीं. पण तेवढ्याचसाठीं ग्रंथ वाचणारास त्याचा शेवट पाल्हाळ वाटतो. आमच्या मतें हा ग्रंथकारावर अन्याय होय.

भटजी घराबाहेर पडले ते कर्ज फेडण्याकरितां. बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेच्या यज्ञांत दक्षिणा मिळेल या आशेनें. मिळविलेलें द्रव्य लुटलें गेलें. घरीं आली ती गंगोदकाची कावड, आणि त्या उदकानें त्यांनीं मातापित्यांस स्नान घातलें. पर्वकाळीं नदीवर लोटणारा यात्रेकरू बहुधा स्वतःच्या पुण्यासाठीं बुडी मारतो. येथें चालण्याचे कष्ट पुत्राचे आणि स्नान आईबापांचें. धनासाठीं आरंभलेला प्रवास या स्नानानें तीर्थयात्रा होतो. ग्रंथाची खरी जुळणी येथेंच आहे.

ऐकीव व प्रत्यक्ष पाहिलेलें भटजी एकाच सुरांत सांगतात, हा त्यांचा दोष इतिहासकारास जाचेल. पण कावडीचा भार ऐकीव नव्हे.

चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलेली आवृत्ति संस्कारित होती; मुळाबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ त दिला. वाचकांनीं तो घ्यावा, आणि झांशीपाशीं न थांबतां वरसईपर्यंत जावें.