दर्या कुठे ठेवायचा? : छोटे सैनिक आणि जुनी सैन्यं

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? बरं.

गेल्या दिवाळीत आमच्या वाडीतल्या मुलांनी किल्ला केला. तांबडी माती, चिऱ्याचे तुकडे, गोणपाट, वर पेरलेले अळीव. बाजारातून आणलेली मातीची चित्रं मांडली. वर सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर भालेवाले मावळे, बुरुजावर तोफ. पुढे पाटी लावली, 'सिंधुदुर्ग'. आम्ही कौतुकाने बघत उभे होतो, तेवढ्यात त्यांच्यातलं सगळ्यांत लहान पोर आम्हांला विचारतं, "आजोबांनू, पण ह्येच्यात दर्या खंय आसा?"

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. इतका नेमका आक्षेप वर्गात क्वचितच कुणी घेतला. (हशा) आजचं व्याख्यान म्हणजे त्या पोराला तेव्हा न दिलेलं उत्तर आहे.

छोट्या सैनिकांतून जुनं सैन्य उभं करणं हा फक्त मुलांचा उद्योग नाही. १८२४ साली प्रशियाच्या रायस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन लष्करी अधिकाऱ्यांसाठी युद्धखेळाचे नियम छापले. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिलं, त्यात खेळण्यातल्या तोफा खरोखरच झाडायच्या होत्या. आज जगभर हौशी माणसं अठ्ठावीस मिलिमीटरचे सैनिक बारीक कुंचल्याने रंगवतात आणि टेबलावर सिकंदर-पोरस पुन्हा लढवतात. एकेका पलटणीसाठी महिनेमहिने वाचन करतात. या कष्टांचा आम्हांला आदर आहे, आणि म्हणूनच त्यांची चिकित्सा करावीशी वाटते. ज्याचा आदर नाही त्याची चिकित्सा कशाला करायची?

आपल्या न्यायदर्शनात 'उपमान' नावाचं एक प्रमाण आहे. ज्याने गवय हा रानपशू कधी पाहिला नाही त्याला सांगतात, गवय गाईसारखा असतो. मग तो रानात जातो, तसा प्राणी दिसतो, आणि त्याला कळतं की हाच गवय. सारखेपणावरून ज्ञान होतं, हे खरं. पण कोणत्या बाबतीत सारखा, हे ठाऊक हवं. नाहीतर तो माणूस गवयाचं दूध काढायला बसेल! छोटा सैनिकही असंच म्हणतो, 'तो शिपाई माझ्यासारखा होता'. आपण विचारायचं, कशात सारखा? मापात, दिसण्यात, की वागण्यात?

आधी माप घेऊ. अठ्ठावीस मिलिमीटरचा सैनिक म्हणजे माणूस साधारण साठपट लहान केलेला. त्याच मापाने सहा फुटी टेबल म्हणजे तीनशे साठ फूट रणांगण. चांगल्या धनुष्याचा बाण याहून लांब जातो! आणि आपला सिंधुदुर्ग? तटाची लांबी साधारण तीन किलोमीटर. साठपट लहान केला तरी पन्नास मीटर तट होईल, आमच्या वाडीतल्या कुठल्याच अंगणात तो मावणार नाही. म्हणून खेळणारे दोन मापं वापरतात. उंचीला एक, जमिनीला दुसरं. एक सैनिक म्हणजे वीस-पंचवीस माणसं, एक घर म्हणजे अख्खं गाव. याला आम्ही लबाडी म्हणणार नाही. हा संकेत आहे, आणि तो उघड सांगितलेला आहे.

माप फूटपट्टीचंच असतं असंही नाही. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला सहा वीरगळ आहेत. काहींवर वल्ह्यांची जहाजं आणि समुद्रावरची लढाई कोरली आहे. तेराव्या शतकातल्या शिलाहार-यादव युद्धाशी ते जोडले जातात, पण काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाशी लढाई, मग वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवपूजा. त्या शिल्पकाराला किती जहाजं होती हे सांगायचं नव्हतं, मरण व्यर्थ गेलं नाही हे सांगायचं होतं. त्याचं माप पुण्याचं होतं. ते मोजणीचं माप समजून कुणी जहाजं मोजत बसला, तर चूक शिल्पकाराची नव्हे.

आता दिसणं. पोरसाचं सैन्य घ्या, इसवी सन पूर्व ३२६. हत्ती किती रंगवायचे? एरियन म्हणतो दोनशे. डायोडोरस म्हणतो एकशेतीस. कर्टियस म्हणतो पंच्याऐंशी. तिघेही घटनेनंतर तीनशे ते साडेचारशे वर्षांनी लिहिणारे, आणि तिघेही सिकंदराच्या बाजूच्या साधनांवर विसंबलेले. पोरसाच्या बाजूने लिहिलेली एक ओळ आपल्या हाती नाही. कपड्यांसाठी खेळणारे सांचीची शिल्पं बघतात, तीही पोरसानंतर दोन-तीन शतकांनी घडलेली. आणि दगडावर रंग कुठे उरलाय? पण सैनिक रंगवल्याशिवाय टेबलावर ठेवता येत नाही. म्हणजे गंमत बघा, जे आपल्याला सर्वांत कमी माहीत आहे तेच सर्वांत ठळक दिसतं. लाल धोतर डोळ्यांत भरतं आणि लाल कशावरून, हा प्रश्न त्या लाल रंगाखाली झाकला जातो. आमचा पहिला आक्षेप हा.

दुसरा आक्षेप वागण्याबद्दल, आणि तो जास्त खोल आहे. या खेळांत बहुधा दोन्ही सैन्यांना सारखे गुण देतात, म्हणजे खेळ न्याय्य होतो. इतिहासात अशी बरोबरीची लढाई शोधून सापडायची नाही. शहाणा सेनापती बरोबरीची लढाई टाळतो. शिवाय टेबलाला कड असते. कडेबाहेर गेलेली तुकडी पळाली असं धरतात. मग गनिमी काव्याचं काय? तो तर सारा कडेबाहेरच चालतो!

आपल्या आरमाराचंच उदाहरण घेऊ. १६७९ साली मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर मराठ्यांनी तट बांधायला घेतला. बेटावर मायनाक भंडारी, मदतीला आरमार घेऊन दौलतखान. इंग्रजांनी नाकेबंदी केली, पुढे सिद्दीही आला. इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा भारी. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या, वारा पडला तरी वल्ह्यांवर सरकणाऱ्या. रात्रीच्या अंधारात त्या सामान घेऊन बेटावर पोचत राहिल्या, आणि बेट मराठ्यांकडेच राहिलं. टेबलावर हीच लढाई तोफा मोजून खेळलात तर मराठे दर वेळी हरतील. जिंकण्याचा नियमच बदलायला हवा. किती जहाजं बुडाली हे विचारू नका, पहाटेपर्यंत किती होड्या बेटाला लागल्या ते विचारा. सैनिक कितीही हुबेहूब रंगवा, नियम चुकला तर सैन्य चुकलं.

तरीही टेबलावरच्या खेळाचा एक मोठा गुण आहे. त्याचे नियम छापलेले असतात, म्हणून ते चूक ठरवता येतात. तो विधान करतो. आपला दिवाळीचा किल्ला विधान करत नाही, तो नमस्कार करतो. नमस्कार खोटा ठरत नाही आणि ठरवूही नये. अडचण तेव्हा होते, जेव्हा नमस्काराला आपण इतिहास समजतो. एकाच साच्यातले, एकाच रंगाचे मावळे बघत मूल वाढतं आणि धरून चालतं की सैन्य असंच होतं. शिवकाळातल्या शिपायाला आजच्या अर्थाने गणवेश नव्हता, आणि किल्ला केवळ भालेवाल्यांनी उभा केला नव्हता. आमच्या कुरटे बेटावर पाथरवट होते, चुना मळणारे होते, तांडेल-खलाशी होते. भर समुद्रात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरींचं गोडं पाणी होतं. ते नसतं तर तट बांधून काय उपयोग? त्या बाजारच्या पेटीत तांडेल मिळत नाही. ज्या पोराने प्रश्न विचारला त्याचा आजा होडीवर तांडेल होता. त्या किल्ल्यावर त्याच्या घरचं कुणीच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, नमस्कार हा असाच असतो, सगळीकडे सारखा. तसं नाही. सिंधुदुर्गातल्या शिवराजेश्वराच्या देवळात जा. तिथले महाराज बिनदाढीचे आहेत, आणि डोक्याला नाखव्या-कोळ्यासारखी टोपी. कॅलेंडरवरच्या चित्राशी ते जुळत नाहीत. दर्यावरच्या लोकांत उभा राहणारा राजा दर्यावर्दी दिसला. आम्ही ते महाराजांच्या चेहऱ्याचं प्रमाण म्हणून मांडत नाही. इथल्या माणसांनी आपलं नातं त्या मूर्तीत ठेवलं, एवढंच म्हणतो. म्हणजे नमस्कारालाही आपली जागा ओळखता येते. मग आपल्या अंगणातल्या किल्ल्याला का येऊ नये?

तर त्या पोराला आमचं उत्तर असं. बाबा, दर्या आधी ठेवायचा. जुनं निळं लुगडं अंथर, त्यावर किल्ला रच. तुझ्या आजाची होडी नारळाच्या पोयीची कर. विहिरीला वाटी ठेव. मावळ्यांना वेगवेगळे रंग दे. आणि कुणी विचारलं, हा रंग कशावरून, तर बिनधास्त सांग की ठाऊक नाही, अंदाजाने दिला. एवढं सांगितलंस की तुझा किल्ला नमस्कारही होईल आणि विधानही.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. आधी लहानांचे.