यंत्र आणि नर्तक

यंत्राच्या साह्यानें नृत्यरचना करतां येते असें ऐकिलें, कीं आपल्याकडील रसिक नाक मुरडतो. कलेंत यंत्राचें काय काम, हा त्याचा प्रश्न अगदींच गैर आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु निकाल देण्यापूर्वीं मर्स कनिंगहॅम या अमेरिकन नृत्यकाराचें उदाहरण पाहणें अगत्याचें आहे.

कनिंगहॅम (१९१९–२००९) यांनीं सत्तरीच्या सुमारास 'लाइफ फॉर्म्स' ही संगणकप्रणाली हातीं घेतली. कॅनडांतील सायमन फ्रेझर विद्यापीठांत ती घडली. पडद्यावर मानवी आकृति मांडावी, तिचे सांधे हवे तसे वळवावे आणि दोन स्थितींमधील हालचाल यंत्रानें भरून काढावी, अशी तिची रीत. १९९१ सालचें 'ट्रॅकर्स' हें तिच्या साह्यानें रचलेलें त्यांचें पहिलें नृत्य.

संधिवातानें देह साथ देईनासा झालेल्या कलावंताची ही केवळ म्हातारपणची काठी होती, असें मात्र कोणीं समजूं नये. कित्येक वर्षें नाणें उडवून हालचालींचा क्रम ठरविणाऱ्या कनिंगहॅम यांना स्वतःच्या अंगवळणी पडलेल्या वाटा सोडावयाच्या होत्या. पडद्यावरील आकृतीस ना भार, ना धाप. ती जें सहज करिते, तें नर्तकास पुष्कळदां अशक्यच. तें साधूं पाहतांना तोल सांवरण्याची जी नवी युक्ति नर्तकाच्या देहास सुचते, तींतच आम्हांस या प्रयोगाचें सार दिसतें.

१९९९ सालच्या 'बायपेड'विषयीं मात्र आमचें मन द्विधा होतें. पॉल कायझर व शेली एश्कर यांनीं नर्तकांच्या हालचाली टिपून घडविलेल्या प्रचंड रेखाकृति येथें नर्तकांपुढील पारदर्शक पडद्यावर तरंगतात. दृश्य विलोभनीय खरें. तथापि दृष्टि त्या प्रकाशाकडे धांवते, आणि मागें घाम गाळणारा जिवंत नर्तक क्षणभर विस्मरणांत जातो. पूर्वीं तालमींत प्रश्न विचारणारें यंत्र येथें स्वतःच रंगभूमीवर उभें राहिलें आहे.

आमच्या मतें यंत्रानें प्रश्न घालावा. उत्तर देहानेंच द्यावें. रेखाकृति कधीं पडत नाहीं, आणि म्हणूनच तिचें उभें राहणें पाहून आपला श्वास अडत नाहीं. पडूं शकणारा माणूस जेव्हां सांवरतो, तेव्हांच नृत्य होतें. ही मर्यादा ओळखणाऱ्या कलावंताच्या हातीं यंत्र असण्यास रसिकांनीं भिण्याचें कारण नाहीं.