जाळ्यात काय आले, काय निसटले?

समुद्रात प्रवाहाबरोबर वाहत राहणारे जीव म्हणजे प्लवक. पाठ्यपुस्तकातल्या अन्नसाखळीत ते तळाशी दिसतात. पण ते मोजले कसे, हे तिथे क्वचितच सांगितलेले असते. हा प्रश्न मनात ठेवून आम्ही ॲलिस्टर हार्डी यांचे ‘द वर्ल्ड ऑफ प्लँक्टन’ हे १९५६ सालचे पुस्तक वाचले.

त्यामागचा वाद आधी पाहू. ‘प्लँक्टन’ हे नाव देणारे व्हिक्टर हेन्सेन १८८९ मध्ये ‘नॅशनल’ जहाजातून अटलांटिकवर गेले. ठिकठिकाणी जाळी सोडून त्यांनी सापडलेले जीव मोजले. प्लवक बरेचसे सारखे पसरलेले असतात, तेव्हा थोड्या नमुन्यांवरून साऱ्या समुद्राचा हिशेब मांडता येईल, असे त्यांनी गृहीत धरले. प्लवक असे सारखे पसरलेले नसतातच, असे म्हणत एर्न्स्ट हेकेल यांनी १८९० मध्ये यावर कडक टीका केली.

हार्डींनी साधनच बदलले. ‘डिस्कव्हरी’ जहाजाच्या १९२५-२७ च्या मोहिमेत त्यांनी जहाजामागे ओढायचे एक यंत्र वापरले. त्यात रेशमी जाळीची लांब पट्टी सरकत राहते, तिच्यावर प्लवक गोळा होतात, वरून दुसरी पट्टी बसते आणि दोन्ही फॉर्मालिनमध्ये गुंडाळल्या जातात. त्यामुळे एका ठिकाणाऐवजी सगळ्या वाटेची नोंद मिळते. कुठे दाटी, कुठे विरळ, हे दिसते. १९३१ मध्ये उत्तर समुद्रात सुरू झालेली ही पाहणी महायुद्धाच्या काळातला खंड सोडला तर आजही चालू आहे.

पुस्तकाचे मोठे बळ म्हणजे हार्डींनी स्वतः रंगवलेली चित्रे. फॉर्मालिनमध्ये प्लवकांचे रंग उडतात, म्हणून या चित्रांचे मोल अधिक.

उणिवाही आहेत. पुस्तकाचा भर ब्रिटनभोवतालच्या समुद्रावर आहे. आपल्या उष्ण समुद्रांतले प्लवक ओळखायला ते अपुरे पडते. शिवाय प्रोक्लोरोकॉकस हा प्रकाशसंश्लेषण करणारा अतिसूक्ष्म जीव १९८८ मध्ये उजेडात आला. समुद्रात तो प्रचंड संख्येने आहे, पण कोणत्याही रेशमी जाळीतून तो सहज निसटतो. ही भर शिक्षकांनी घालायला हवी.

एवढे सांभाळून हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात जरूर असावे. ते वाचल्यावर मुलांना गावच्या तळ्याच्या दोन काठांवरचे पाणी बारीक कापडातून गाळायला लावा. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत, तर चूक शोधण्याआधी हेन्सेन-हेकेल वाद आठवा.