‘८८ टक्के अचूक’ म्हणजे काय?

वैद्यकीय प्रतिमांची ओळख करून देणारे लेख आता मराठीत बरेच येतात. त्यांचा साचा साधारण ठरलेला असतो. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले, पुढे सीटी स्कॅन आला, मग एमआरआय आला, त्याबद्दल लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि आता शरीर न उघडता आतले सगळे ‘स्पष्ट दिसते’. यंत्र कसे चालते ते सांगितले जाते. पण यंत्राला प्रश्न कोणता विचारला होता, आणि त्याने दिलेले उत्तर किती वेळा खरे ठरले, हे बहुतेक लेखांत नसते. कुठे असलेच तर ‘८८ टक्के अचूक’ अशा एका आकड्यात उरकलेले असते. माझा आक्षेप या आकड्याला आहे. तो नीट मांडण्यासाठी एकच उदाहरण घेऊ: मलाशयाच्या कर्करोगात उपचार सुरू करण्यापूर्वी एमआरआय करून रोगाची पायरी ठरवणे.

मलाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा भाग. इथे कर्करोग आहे की नाही हे एमआरआयने ठरत नाही. ते आधीच ठरलेले असते: दुर्बिणीने तपासून, लहानसा तुकडा काढून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. ‘स्कॅनमध्ये कॅन्सर सापडला’ असे आपण सर्रास म्हणतो, पण या रोगात स्कॅनचे काम सापडलेला रोग कुठवर पोचला आहे हे सांगण्याचे असते.

आतड्याच्या भिंतीत आतून अस्तर, मग त्याखालचा सैल थर, मग स्नायूचा थर असतो. स्नायूच्या बाहेर चरबीची जाड गादी असून तिच्यातच लसिका ग्रंथी आणि रक्तवाहिन्या असतात. या गादीभोवती एक पातळ पापुद्रा असतो. रोग स्नायू ओलांडून चरबीत शिरला की त्याला ‘टी-३’ म्हणतात. (टी-३ म्हणजे ‘तिसरी स्टेज’ नव्हे. ग्रंथींत रोग नसेल तर टी-३ची गाठ दुसऱ्या स्टेजमध्येच मोडते. अहवाल वाचताना हा घोटाळा पुष्कळ घरांत होतो.) पण टी-३ हा फार मोठा खण आहे. त्यात स्नायूबाहेर एक मिलिमीटर आलेली गाठही बसते आणि पंधरा मिलिमीटर आलेलीही.

सायखेडा-चांदोरीच्या वाचकांना यातला फरक पुराच्या भाषेत चटकन कळेल. २०१६ आणि २०१९ च्या पावसाळ्यात गोदावरीचे पाणी तिथल्या वस्तीत शिरले होते. नदी पात्राबाहेर किती पसरली हा एक आकडा, आणि पाणी आपल्या उंबऱ्यापासून किती अंतरावर थांबले हा दुसरा. उंचावरच्या घराला पहिल्या आकड्याने फारसा फरक पडत नाही. काठावरच्या घराला थोडासा पसाराही पुरतो. टी हा पहिला आकडा आहे. दुसरा आकडा म्हणजे गाठीची कड आणि तो पातळ पापुद्रा यांच्यातले अंतर. सर्जनच्या दृष्टीने मोलाचा आहे तो हा दुसरा.

हे कळायलाही बराच काळ गेला. गाठ काढताना वर आणि खाली पुरेसे निरोगी आतडे घेतले की झाले, असा समज पूर्वी होता. इंग्लंडमधील बेसिंगस्टोक येथील सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ साली सांगितले की चरबीची ती गादी पापुद्र्यासकट, न फाटता, अखंड काढली पाहिजे. १९८६ साली लीड्सच्या फिलिप क्वर्क आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या आतड्याच्या आडव्या चकत्या करून पाहिल्या.  ५२ रुग्णांपैकी १४ जणांत रोग बाजूच्या कापापर्यंत पोचलेला होता, आणि त्या १४ पैकी १२ जणांत तो ओटीपोटात पुन्हा उद्भवला. पुढे कापापासून एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी अंतरावर रोग असेल तर ‘कड बाधित’ मानायचे, असा दंडक पडला.

आता एमआरआयला विचारायचा प्रश्न नेमका झाला: कापण्याआधीच सांग, कड मोकळी राहील का? सीटी स्कॅनला इथे जड जाते, कारण क्ष-किरणांच्या दृष्टीने स्नायू आणि गाठ जवळपास सारख्याच. एमआरआयमध्ये प्रोटॉन चुंबकीय क्षेत्रात ठेवून रेडिओलहरींनी ढकलतात (१.५ टेस्लाच्या यंत्रात सुमारे ६४ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे एफएम रेडिओच्या थोडे खाली) आणि ते पूर्वस्थितीला किती वेळात येतात ते मोजतात. चरबी, स्नायू आणि गाठ यांचे हे वेळ वेगवेगळे असतात. योग्य मांडणी केली तर चरबी पांढरी, स्नायू काळा, गाठ मधली करडी आणि पापुद्रा एक बारीक काळी रेघ म्हणून दिसतो.

‘योग्य मांडणी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. काकडी आडवी सरळ कापली तर साल बारीक दिसते, तिरकी कापली तर तीच साल जाड दिसते. मलाशय कमरेच्या पोकळीत वाकडे बसलेले असते. त्यामुळे प्रतिमेचा काप शरीराला आडवा न घेता गाठीच्या जागी आतड्याला काटकोनात घ्यावा लागतो, आणि तोही सुमारे तीन मिलिमीटर जाडीचा. जाड, तिरक्या कापात नसलेला पसारा दिसू लागतो आणि असलेला झाकला जातो. यंत्र तेच, छपाई तितकीच सुबक, पण उत्तर वेगळे.

या प्रश्नाची परीक्षा ‘मर्क्युरी’ नावाच्या अभ्यासात झाली. युरोपातील चार देशांमधल्या ११ केंद्रांतले ४०८ रुग्ण. आधी एमआरआयचे भाकीत लिहून ठेवायचे, मग शस्त्रक्रियेनंतर सूक्ष्मदर्शकाखाली ते ताडून पाहायचे. निष्कर्ष २००६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. अभ्यास उत्तम आहे आणि त्याच्या कर्त्यांनी काही लपवलेले नाही. त्यामुळे फळ्यावर मांडायलाही तो सोयीचा आहे.

४०८ पैकी ३४९ जणांत एमआरआयने ‘कड मोकळी’ असे भाकीत केले. त्यातले ३२७ खरे ठरले, २२ चुकले. उरलेल्या ५९ जणांत ‘कड बाधित’ असे भाकीत होते. त्यातले ३२ खरे ठरले, २७ जणांची कड प्रत्यक्षात मोकळी निघाली. बरोबर उत्तरे एकूण ३२७ अधिक ३२, म्हणजे ३५९. भागिले ४०८. हेच ते ८८ टक्के.

आता विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारून पाहा. समजा यंत्र नाहीच. एक माणूस डोळे मिटून प्रत्येक रुग्णाला सांगतो, ‘तुमची कड मोकळी.’ तो किती वेळा बरोबर ठरेल? प्रत्यक्षात मोकळी कड होती ३२७ अधिक २७, म्हणजे ३५४ जणांची. ३५४ भागिले ४०८ म्हणजे ८७ टक्के!

कोट्यवधींचे यंत्र ८८, डोळे मिटलेला माणूस ८७. मग यंत्र निरुपयोगी का? मुळीच नाही. निरुपयोगी आहे ते ‘अचूकता’ हे एका आकड्याचे माप. बहुसंख्य रुग्णांचे उत्तर एकच असले की डोळे मिटूनही चांगले गुण मिळतात. एमआरआयने केलेले खरे काम निराळ्या भागाकारात दिसते. ‘मोकळी’ म्हटलेल्या गटात धोका ३४९ मध्ये २२, म्हणजे ६ टक्के. ‘बाधित’ म्हटलेल्या गटात ५९ मध्ये ३२, म्हणजे ५४ टक्के. एरवी एकाच रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांचे असे दोन गट पडले, की एकाचा धोका दुसऱ्याच्या जवळजवळ नऊपट. डोळे मिटलेल्या माणसाला हे कधीच जमणार नाही. पण याला ‘दिसणे’ म्हणणे चूक आहे. ही धोक्याची वर्गवारी आहे. बाधित कडेच्या ५४ रुग्णांपैकी २२ जण तिच्या हातून निसटलेच.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. या ४०८ मध्ये ९७ जणांना शस्त्रक्रियेआधी दुसरे उपचार दिलेले होते. किरणोपचारानंतर गाठीच्या जागी जो चट्टा राहतो, तो आणि जिवंत गाठ यांत फरक करणे अवघड असते. ज्यांच्यावर थेट शस्त्रक्रिया झाली त्यांच्यात भाकिते अधिक चांगली उतरली.

याच गटाने २००७ साली दुसरे मोजमाप प्रसिद्ध केले: गाठ स्नायूबाहेर किती आली आहे. २९५ रुग्णांत एमआरआयची सरासरी २.८० मिलिमीटर, सूक्ष्मदर्शकाची २.८१. ‘अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जुळते’ हे वाक्य मग व्याख्यानांतून फिरू लागले. पण त्याच निबंधात फरकांचे प्रमाण विचलन दिलेले आहे: ३.८५ मिलिमीटर. वर्गातल्या मुलांची उंची दोन गटांनी टेपने मोजली, कुणाची चार सेंटिमीटर जास्त भरली, कुणाची चार कमी, तरी वर्गाची सरासरी तंतोतंत जुळू शकते. सरासरी जुळली म्हणून समोरच्या मुलाची उंची बरोबर मोजली गेली असे होत नाही. आणि रुग्ण तर नेहमी एकटाच असतो.

हे काटेकोरपण कशासाठी? भाकितावर उपचार ठरतात म्हणून. हॉलंडमध्ये १,८६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, चांगल्या शस्त्रक्रियेआधी किरणोपचार दिल्यास दोन वर्षांत रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण ८.२ वरून २.४ टक्क्यांवर आले (२००१). लाभ खरा आहे. पण किरणांची किंमतही खरी आहे: शौचावरचा ताबा कमी होणे, लैंगिक तक्रारी, स्त्रियांत बीजांडकोश निकामी होणे. ज्यांची कड मुळात मोकळी होती त्या २७ जणांसारख्यांना ही किंमत विनाकारण मोजावी लागू शकते, आणि त्या २२ जणांसारख्यांना मिळायला हवे होते ते मिळत नाही.

आपल्याकडे ही किंमत अधिक जाणवते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २०१३-१४ या एका वर्षात मोठ्या आतड्याच्या आणि मलाशयाच्या कर्करोगाचे ८०० नवे रुग्ण नोंदले गेले. त्यांचे सरासरी वय ४७ होते. घरात शिकणारी मुले असण्याचे हे वय. त्याच नोंदीत १३ टक्के गाठी ‘सिग्नेट रिंग’ प्रकारच्या होत्या. या पेशींतला केंद्रक एका कडेला ढकललेला असतो, खड्याच्या अंगठीसारखा. पाश्चात्त्य देशांत हा प्रकार सुमारे एक टक्का आढळतो. या पेशी घट्ट गोळा करून राहत नाहीत, सुट्या सुट्या पसरतात. कड कुठे संपते हेच ज्या गाठीत धूसर, तिथे युरोपातल्या रुग्णांवर तपासलेली ६ आणि ५४ टक्क्यांची वर्गवारी तशीच लागू पडेल, हे गृहीत धरता येणार नाही असे मला वाटते. अशा गाठींसाठी तोच चार खणांचा तक्ता इथल्या रुग्णांवर वेगळा मांडावा लागेल.

तोवर निदान अहवाल तरी आकड्यांत असावा. ‘मोठी गाठ, टी-३, ग्रंथी सुजलेल्या’ एवढ्या अहवालावर सर्जनला नीट निर्णय घेणे अवघड जाते. (ग्रंथींच्या आकारावरून तर फारच थोडे कळते. लहान ग्रंथीत रोग असतो आणि मोठी नुसती सुजलेली असते.) गाठ गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर, स्नायूबाहेर किती मिलिमीटर, पापुद्र्यापासून किती मिलिमीटर आणि कोणत्या बाजूला, बाहेरच्या शिरेत रोग शिरला आहे का, एवढे तरी त्यात लागते. सायखेड्याहून नाशिकला किंवा मुंबईला जाणाऱ्या रुग्णाच्या हातात पुष्कळदा फक्त छापील फिल्म असते. तिच्यावरून ही अंतरे पुन्हा मोजता येत नाहीत. सीडी मागून घ्यावी. काप नीट घेतलेले असतील तर दुसरा रेडिओलॉजिस्ट त्याच सीडीवरून ती मोजून देऊ शकतो, स्कॅन पुन्हा करावा लागत नाही.