अंगठ्याची निशाणी आणि यंत्राची साक्ष

जुन्या मराठी दस्तऐवजांत निशाणी सहसा एकटी येत नाही. पाटलाच्या नावाशी नांगर काढलेला असो, की पुढील काळात निरक्षराच्या नावाशी ‘निशाणी डावा अंगठा’ असे लिहिलेले असो, तिच्या शेजारी लिहिणाराचे ‘बिकलम’ आणि जाणत्यांची ‘साक्ष’ असते. निशाणी कोणाची हे ती स्वतः सांगत नाही. ते साक्षीदार सांगतो. अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे मराठी व कानडी या दोन्ही भाषा नांदणारे सीमेलगतचे गाव. तेथील शिधापत्रिकाधारक आज रास्त भाव दुकानातील यंत्रावर बोट टेकवितो, तेव्हा बिकलम व साक्ष ही दोन्ही कामे यंत्राकडे गेलेली असतात. सबब या नव्या साक्षीदाराची परीक्षा करणे अगत्याचे ठरते.

भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाचा २०१७ सालचा ‘नोंदणीकृत उपकरणां’विषयीचा तांत्रिक तपशील या दृष्टीने वाचनीय आहे. त्याचे मूलतत्त्व असे की, प्रत्येक उपकरणास स्वतःची गुप्त किल्ली असावी, आणि ठसा घेताक्षणीच तो कालनोंदीसह त्या किल्लीने मुद्रांकित व्हावा. म्हणजे साठवून ठेवलेला जुना ठसा पुन्हा पाठविता येणार नाही. ‘एल-०’ या पातळीवर हे कार्य यजमान संगणकाच्या आज्ञावलीत घडते. ‘एल-१’ पातळीवर ते एका संरक्षित कक्षात घडते, व त्या कक्षातील किल्ली यजमानासही मिळू नये अशी अट आहे. हा भेद मार्मिक होय. कूटशास्त्राचा भार पद्धतीच्या गुप्ततेवर नसून किल्लीच्या गुप्ततेवर असावा, हे कर्कहॉफ्सने १८८३ सालीच सांगितले. परंतु किल्ली शत्रूच्या हाती लागणाऱ्या वस्तूतच वसते, हा प्रसंग त्याच्यापुढे नव्हता. दुकानातील यंत्र मात्र कोणाच्याही हाती लागू शकते.

येथेच पहिली शंका उपस्थित होते. कोचर, जॅफ व जुन यांनी १९९९ साली दाखवून दिले की, गणित करीत असलेल्या चकतीच्या वीजवापरातील सूक्ष्म चढउतार मोजून तिच्यातील किल्ली काढता येते. साक्षीदाराने तोंड मिटले तरी त्याचा श्वास बोलतो, असाच हा प्रकार. त्यावर उपाय म्हणून गणितात यादृच्छिक विलंब मिसळण्यात आले. पण अशा विलंबांमुळे विस्कटलेल्या नोंदींतूनही कृत्रिम चेतातंतुजाल किल्लीचा माग काढू शकते, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने सिद्ध केले. तात्पर्य, कक्षाचे ‘संरक्षित’ हे विशेषण कायमचे नव्हे. काल पुरेसे ठरलेले आवरण आज पुरेसे असेलच असे नाही. म्हणून एकवार दिलेल्या प्रमाणपत्रावर विसंबणे युक्त नव्हे, पुनःपरीक्षा नियमित व्हावयास हवी.

दुसरी शंका अधिक मूलगामी आहे. किल्ली अभंग राहिली तरी यंत्र एवढेच सांगते की, हा ठसा माझ्याच काचेवर, अमुक क्षणी उमटला. तो जिवंत बोटाचा होता की सिलिकॉनच्या नकलेचा, हे किल्ली सांगू शकत नाही. म्हणूनच ठशातील रेषाबिंदू व ठशाची प्रतिमा यांचा मेळ घालून बोटाचे सजीवत्व तपासणारी, कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली यंत्रणा प्राधिकरणाने २०२३ च्या फेब्रुवारीत जाहीर केली. जी विद्या कुलूप फोडणाऱ्यास साहाय्य करते, तीच येथे पहारेकऱ्याची भूमिका घेते. परंतु कुलपाचे बळ व पहाऱ्याचे बळ या दोन भिन्न गोष्टी असून एकीची उणीव दुसरीने भरून निघत नाही.

मराठी व्यवहारात हा भेद शब्दांमुळे झाकला जातो. उपकरण ‘प्रमाणित’ असते आणि व्यक्तीचे ‘प्रमाणीकरण’ होते. एकाच धातूच्या आवरणाखाली दोन निराळे दावे येतात. परिणामी प्रमाणित यंत्राने दिलेला निर्णय माणसाविषयीचे सत्यच होय, असा समज दृढ होतो. कष्टाने रेषा झिजलेल्या बोटाला यंत्राने नाकारले, तर दोष बोटाच्या धन्याकडे जातो. यास्तव उपकरणासाठी ‘प्रमाणन’ व माणसासाठी ‘ओळखपडताळणी’ असे दोन शब्द काटेकोरपणे योजिले जावेत. जुन्या दस्तऐवजातील साक्षीदाराला नाव होते, आणि तंटा उपस्थित झाल्यास त्याची उलटतपासणी करता येत असे. यंत्राच्या साक्षीलाही हाच न्याय लागू व्हावा. तोवर तिचे महत्त्व मान्य करूनही ती एकमेव साक्ष मानणे योग्य होणार नाही.