‘पडली’ की ‘पाडली’? : भग्न वास्तूंच्या छायाचित्रांतील चौकट

‘भिंत पडली’ आणि ‘भिंत पाडली’ या दोन मराठी वाक्यांत अंतर आहे ते एका कान्याचे. पहिले वाक्य घटना सांगून थांबते. दुसऱ्यात कर्ता अध्याहृत असला, तरी तो कोणीतरी आहे याचे भान राहते आणि ‘कोणी?’ हा प्रश्न वाचकाच्या हाती येतो. छायाचित्राला क्रियापद नसते. तथापि पडक्या वास्तूचे छायाचित्र या दोहोंपैकी कोणते वाक्य उच्चारते, हे बव्हंशी त्याच्या चौकटीवरून ठरते : छायाचित्रकार कोठे उभा राहिला, त्याने किती परिसर आत घेतला आणि नंतर कडा कोठे कातरल्या. या दृष्टीने क्रॉपिंग ही केवळ तांत्रिक सफाई राहत नाही. ती निवेदनाची कृती ठरते.

ही काटछाट अवकाशाची असते तशी काळाचीही असते. दागेरने 1838मध्ये पॅरिसच्या बुलव्हार द्यु ताँप्ल या रस्त्याचे जे चित्र घेतले, त्यात दीर्घ उद्भासनामुळे चालती माणसे व वाहने उमटलीच नाहीत. बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी स्थिर उभा राहिलेला एक माणूस तेवढा स्पष्ट उरला. वर्दळीचा रस्ता ओसाड दिसण्यास कॅमेऱ्याची संथ गती पुरेशी ठरली. वास्तूंच्या छायाचित्रणात प्रथमपासूनच हे सामर्थ्य आहे : जे स्थिर ते टिकते, जे जगते ते पुसले जाते.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या छायाचित्रांतून या प्रश्नाला समकालीन रूप मिळाले. ईव्ह मार्शाँ आणि रोमँ मेफ्र या फ्रेंच छायाचित्रकारांचा डेट्रॉइटच्या भग्नावशेषांवरील ग्रंथ 2010मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या आकाराचा कॅमेरा, समोरासमोरची सममित रचना, सरळ राखलेल्या उभ्या रेषा आणि निर्मनुष्य दालने ही त्यातील चित्रांची ठळक वैशिष्ट्ये होत. अशा रचनेत रेल्वे स्थानक प्राचीन देवालयाची प्रतिष्ठा धारण करते, आणि देवालयाची पडझड काळच करतो, असे मानण्याची आपल्याला सवय आहे. म्हणजेच ही चौकट ‘पडली’ असे म्हणते. कारखान्यांचे स्थलांतर, वंशभेदावर आधारलेली वस्तीची विभागणी, उपनगरांकडे गेलेली गुंतवणूक ही कारणे कडेबाहेर राहतात. कारणांबरोबर माणसेही बाहेर राहतात. 1950मध्ये साडेअठरा लाखांच्या घरात असलेली डेट्रॉइटची लोकसंख्या 2010च्या जनगणनेत 7,13,777पर्यंत घसरली हे खरे. परंतु सात लाखांचे शहर रिकामे नसते. ‘तेथे कोणी उरलेले नाही’ हे विधान चित्रात मोहक वाटते. तेथे राहणाऱ्याच्या दृष्टीने ते त्याच्या अस्तित्वाचा इनकार असते.

1926मध्ये उघडलेल्या मिशिगन थिएटरचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. 1970च्या दशकात या नाट्यगृहाच्या आत मोटारींचा वाहनतळ करण्यात आला. शेजारच्या कार्यालयीन इमारतीशी ते संरचनेने जोडलेले असल्यामुळे त्याचे कवच राहू देण्यात आले. चित्राचा खालचा भाग कातरला, तर छताचे फुटके नक्षीकाम उरते आणि शोकगीत सिद्ध होते. खालचा भाग राखला, तर त्याच छताखाली मोटारी दिसतात, आणि मग हा भग्नावशेष कोणाच्या तरी सोयीने, हिशोबाने वापरात असल्याचे ध्यानात येते. शोकगीताचे उपहासिकेत रूपांतर होण्यास खालची कडा थोडी सरकवणे पुरते.

तर मग चौकट रुंदावली की सत्य आपोआप आत येते काय? फेलिचे बेआतोचे 1858मधील लखनौच्या सिकंदरबागेचे छायाचित्र या भाबड्या समजुतीला छेद देते. नोव्हेंबर 1857च्या हल्ल्यानंतर काही महिन्यांनी बेआतो तेथे पोहोचला. गोळ्यांनी जर्जर झालेल्या इमारतीपुढील अंगण त्याने कातरले नाही; त्यात विखुरलेली मानवी हाडे आहेत, आणि ती चित्रासाठी मुद्दाम मांडली गेली असावीत असे अनेक अभ्यासक मानतात. येथे चौकट निःसंशय ‘पाडली’ म्हणते. परंतु तो उच्चार जेत्याचा आहे. कर्ता लपवलेला नाही, मिरवलेला आहे. तेव्हा कोणाला आत घेतले एवढे पाहून भागत नाही. आत घेतलेल्यांची मांडणी कोणासाठी झाली, हेही पाहावे लागते.

या दोन टोकांपलीकडची एक वाट कामिलो होसे व्हेर्गारा या चिलीत जन्मलेल्या छायाचित्रकाराने दाखवली. 1970च्या दशकापासून त्याने अमेरिकी शहरांतील त्याच त्या जागी परत परत जाऊन छायाचित्रे घेतली. त्याच्या मालिकांत एका चित्राची कडा पुढील वर्षाचे चित्र उल्लंघते. वास्तू ‘पडली’ही नसते आणि ‘पाडली’ही नसते, ती ‘पडत जाते’, मध्येच डागडुजी होते, पाटी बदलते. मात्र याच व्हेर्गाराने 1995मध्ये डेट्रॉइटमधील ओस गगनचुंबी इमारती ‘अमेरिकन अक्रोपोलिस’ म्हणून जतन कराव्यात असे सुचवले आणि स्थानिकांचा रोष ओढवून घेतला. भग्नतेचा मोह अभ्यासू नजरेलाही सुटत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला येथे अठराव्या शतकातील उर्दू शहरआशोब आठवावा. उद्ध्वस्त नगरीवर शोक करताना तो काव्यप्रकार निरनिराळ्या व्यवसायांतील माणसांच्या दैन्याची जणू यादीच मांडतो. तेथे नगर म्हणजे प्रथम माणसे, नंतर भिंती. भग्नावशेषांच्या छायाचित्राने हा क्रम उलटवला. त्याची किंमत कालांतराने कळते. 1913मध्ये उघडलेल्या आणि 1988मध्ये अखेरची गाडी गेलेल्या मिशिगन सेंट्रल स्थानकाला असंख्य चौकटींनी अंतिम अवशेष ठरवले होते. 2018मध्ये फोर्ड कंपनीने ते विकत घेतले आणि जीर्णोद्धारानंतर जून 2024मध्ये ते पुन्हा उघडले. ज्याला पूर्णविराम मानले होते तो स्वल्पविराम निघाला. हा जीर्णोद्धार कोणाच्या हिताचा, हा प्रश्न स्वतंत्र आहे. परंतु झळाळलेल्या स्थानकाची जी नवी छायाचित्रे निघतात, त्यांनाही तोच प्रश्न विचारणे प्राप्त आहे : कडेबाहेर कोण उभे आहे?